तीन काळजं आणि एक मण्यार

यंदा पाऊस जाता जाता पुन्हा फिरून आला आणि उमललेली बोंडं भिजली, त्यामुळं कापसाची वेचणी उशिरा लागली. आता चांगलं ऊन पडलंय. काल मी पुढची खोली रिकामी केली. पलंग भिंतीला उभा लावला, पुस्तकांच्या कपाटावर जुनी चादर टाकली, घड्याळ उतरवून आतल्या खोलीत नेलं. दाराच्या लोखंडी कडीला वजनकाटा टांगला. संध्याकाळी पहिली गाठोडी आली, आणि आता विक्री होईपर्यंत ही खोली माझी नाही, कापसाची.

कापसाला वास नसतो असं म्हणतात. ढिगाजवळ बसून पाहावं. उन्हात टाकलेल्या गोधडीसारखा कोरडा, ऊबदार वास येतो आणि त्यात सरकीचा किंचित तेलकटपणा असतो. तंतू उडतात, चहावर तरंगतात, देवापुढच्या समईला चिकटतात, केसांत बसतात. या दिवसांत आमच्याकडं सगळ्यांचेच केस थोडे पांढरे होतात. माझे आधीच झालेले असल्यामुळं मला वेगळा त्रास नाही.

इरा, तनू, तुमच्या लीड्सला आता लवकर अंधारत असेल. आमच्याकडं दुपार अजून लांब आहे. आणि या लांब दुपारी मला फोनची सवय झाली होती, ती अजून जात नाही.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज सकाळी इराचा निरोप यायचा. ती झोपण्याआधी पाठवायची, मला उठल्यावर मिळायचा. सुरुवात ठरलेली असे: ‘आजी, तुला माहितीय का?’ मग काहीतरी असं यायचं, की हातातला चहाचा कप हातातच राहावा. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. पृथ्वीवर झाडं येण्याच्या आधी शार्क मासे होते. शास्त्राच्या हिशेबात केळं ही ‘बेरी’ आहे आणि स्ट्रॉबेरी नाही. मी प्रत्येक गोष्ट आधी पुस्तकात ताडून पाही. खरी निघाली की दुपारी शेतावर नेई, कारण अशी गोष्ट एकट्यानं जपून ठेवता येत नाही. ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय पूर्ण होत नाही. समोरच्याच्या भुवया वर गेल्या, तो ‘छे!’ म्हणाला, की मग ती खरी आपली होते.

कडुलिंबाखाली भाकरीला बसलेल्या वेचणाऱ्या बायका माझं हे वाचन ऐकायच्या. त्यांच्यात सत्यभामा असायची. तिचा नवरा मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने पूर्णेच्या काठानं हिंडतो, आणि ती आमच्यासारख्यांच्या शेतावर कामाला येते. वेचण्यात तिचा हात सगळ्यांत चपळ. जीभ त्याहून चपळ. तिच्याबरोबर तिच्या सासू गयाबाई यायच्या, सावकाश वेचायच्या आणि सुनेला सावकाशच टोमणे मारायच्या.

‘तीन काळजं?’ ऑक्टोपसचं ऐकून सत्यभामा म्हणाली होती. ‘मला एक हाय, तर ते बी मेंढरामागं नदीनं हिंडायलंय. तीन असती तर सैपाक कोन केला असता?’

फुलपाखरू पायानं चव घेतं, हे ऐकून गयाबाईंनी आपल्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, ‘म्हंजी चपला घातल्या की उपाशी.’

आणि शुक्र ग्रहावर एक दिवस त्याच्या एका वर्षापेक्षा मोठा असतो, हे मी दोनदा समजावून सांगितलं तेव्हा सत्यभामानं त्यातली व्यवहाराची बाब बरोबर काढली. ‘मंग तिथं रोजानं जायाचंच न्हाई काकू. सालगडी म्हणूनच ऱ्हायाचं. रोज संपायच्या आधी साल संपतंय.’

हे सगळं मी इराला लिहून कळवी. लीड्सहून एक हसरा चेहरा यायचा. त्यामुळं दोन वर्षांपूर्वी त्या दिवाळीला तुम्ही दोघी आईबरोबर आलात, तेव्हा बायकांना इरा नवीन नव्हती. वेशीवरच गयाबाईंनी तिची हनुवटी धरून विचारलं होतं, ‘चपलावाली पोरगी हीच का?’

*

तो हंगाम मला हातांनी आठवतो. डोळ्यांनी कमी.

पिकलेल्या बोंडाची सालं वाळून ताठ होतात आणि त्यांची टोकं सुईसारखी टोचतात. चारी बोटं आत घालून कापूस एका ओढीत काढायचा असतो. इरा पहिल्या दिवशी अर्ध्या तासात बोटं चोखत बांधावर येऊन बसली. सत्यभामानं कमरेची कापसानं फुगलेली ओटी सावरली आणि आपले दोन्ही पंजे तिच्यापुढं पसरले. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला, तळव्यावर, सगळीकडं बारीक बारीक टोचे. काही ताजे लाल, काही वाळून काळे झालेले.

‘बघ माय. टोचलं म्हणून थांबलं तर दिवाळी पुढच्या सालावर जाईल.’

ते हात मी आधी कितीतरी हंगाम पाहिले होते. त्या हातांवर नेमकं काय लपू शकतं, हे मात्र तेव्हा मनात आलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी भाकरीच्या वेळी कुणाला तरी कापसाच्या पऱ्हाटीच्या बुडाशी सापाची कात मिळाली. मग सापांच्या गोष्टी निघाल्या. प्रत्येकीकडं एक होती. कुणाचा चुलता, कुणाच्या माहेरची म्हैस. तनू माझ्या मांडीवर सरकली. इरा मात्र फुलून आली. हा तिचा विषय होता.

‘बहुतेक साप विषारी नसतातच,’ ती तुमच्या त्या गोड, तुटक मराठीत म्हणाली. ‘आणि विषारी साप पण कधी कधी नुसता चावतो. विष सोडत नाही. आणि एक साप आहे, तो मण्यारसारखा दिसतो, पण मण्यार नाहीये. त्याला विष नाही. तो फक्त तसा दिसतो.’

‘कवड्या,’ मी म्हणाले.

‘म्हंजी सोंग!’ सत्यभामाला हे फार आवडलं, ती सासूकडं वळली. ‘दुसऱ्याची कापडं घालून पोट भरायलाय. बघा आत्याबाई, साप बी हुशार झाले.’

मी संध्याकाळी सवयीनं तिन्ही गोष्टी ताडून पाहिल्या. तिन्ही खऱ्या होत्या. आजही आहेत.

सावलीत बसून, भाकरी खाऊन, पाय पसरून ऐकलेलं सत्य आणि अंगावर आलेलं सत्य यांत अक्षराचाही फरक नसतो. फरक ऐकणाऱ्याच्या गरजेत असतो. घाबरलेलं माणूस माहितीकडं भुकेल्यासारखं जातं आणि हवा तेवढाच तुकडा मोडून घेतं. बहुतेक साप बिनविषारी असतात, हे जगातल्या सगळ्या सापांबद्दल खरं आहे. पण सगळे साप काही आपल्या खोलीत येत नाहीत. येतो तो एकच.

*

दुसऱ्या दिवशी तुमची आई तनूला घेऊन मानवतला गेली होती, म्हणून तनू, पुढचं तू पाहिलेलं नाहीस. सकाळी मात्र तुम्ही दोघींनी याच खोलीत कापसाच्या ढिगावर उड्या मारल्या होत्या. गळ्यापर्यंत आत रुतून बसला होतात. त्या उड्या मला पुढं कितीतरी दिवस मिटल्या डोळ्यांपुढं दिसत राहिल्या.

ऊन उतरणीला लागलं होतं. बायका गाठोडी घेऊन अंगणात वजनाची वाट पाहत बसल्या होत्या. आधीच्या ढिगातला कापूस पोत्यात दाबून भरायचा होता, ते काम सत्यभामा करत होती. इरा पोत्याचं तोंड धरून उभी होती आणि मी दाराशी काट्याजवळ. सत्यभामा कोपरापर्यंत हात ढिगात खुपसायची आणि कवेत मावेल तेवढा कापूस उपसायची.

‘आई गं,’ ती म्हणाली. मोठ्यानं नाही. बोंड रुतल्यावर दिवसातून पन्नासदा म्हणायची, तसंच. हात झटकला आणि पुन्हा खाली वाकली.

तेवढ्यात कापूस हलला. पांढऱ्याशुभ्र ढिगात एक काळी शेपटी क्षणभर दिसली, तिच्यावर बारीक पांढरे पट्टे, आणि ती पुन्हा आत गेली. घाई नव्हती तिला.

इरा किंचाळली नाही. तिनं पोतं सोडलं, सत्यभामाचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि तिला ओढत बाहेर आणलं. मी दार लावून घेतलं. मग अंगणातल्या उजेडात आम्ही तिचा हात उघडून पाहिला.

काय पाहणार? साऱ्या पंजावर टोचे. दोन दोनच्या जोड्या शोधल्या तर डझनभर मिळतील. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हा कालचा की आताचा? हे बोंड की दात? हंगामभर कापूस वेचलेल्या हातावर सापाचा दात शोधणं म्हणजे ओल्या जमिनीवर पाण्याचा थेंब शोधणं.

‘दुखतंय?’

‘जरा बी न्हाई. सापाच्यानं आग आग होती म्हणतेत. मला बोंड रुतलंय काकू. तो बिचारा तिथं असाच पडला व्हता.’

गयाबाईंनी तोवर कडुलिंबाचा पाला ओरबाडून आणला होता. आमच्याकडं असं मानतात की विष चढलं की कडुलिंब कडू लागत नाही. ‘चाव,’ त्या म्हणाल्या. पाला त्यांनी तिच्या तोंडाशी धरला.

सगळ्या बायका सत्यभामाच्या तोंडाकडं बघत राहिल्या. तिनं चावलं, चेहरा आक्रसला आणि पचकन थुंकली. ‘कडू हाय! लय कडू हाय!’

अंगणभर हसू पसरलं. गयाबाई पदरानं तोंड पुसू लागल्या. कुणीतरी म्हणालं, काटा लावा, अंधार व्हायलाय. मी गाडीची किल्ली घेऊन आले तेव्हा सत्यभामा आपलं गाठोडं काट्याजवळ ओढत होती.

‘दवाखान्यात चल,’ मी म्हटलं.

‘कशाला ओ? पाला कडू लागला न्हवं. आन् तुमच्याच नातीनं काल सांगितलंय.’ ती वकिलासारखी एकेक बोट मोडू लागली. ‘बहुतेक सापाला ईखच नसतंय. असलं तरी समद्या येळी सोडत न्हाई. आन् मण्यारीवानी दिसतोय तो कवड्या असतोय. मंग? माझं माप करा, मला घरी शेरडं बांधायचीत.’

‘मण्यार चावली तर दुखत नाही, सत्यभामा. म्हणूनच चल म्हणते.’

‘वा! दुखलं तरी साप, न्हाई दुखलं तरी सापच. मंग माणसानं करावं तरी काय?’

बायका पुन्हा हसल्या. आणि मग हसता हसता एकेकीची नजर इराकडं वळली. शेवटी शेपटी तिनंच जवळून पाहिली होती. सापांचं तिलाच ठाऊक होतं.

‘सांग माय,’ सत्यभामा म्हणाली. ‘कवड्याच व्हता न्हवं?’

इरा, तुझा चेहरा तेव्हा ढिगातल्या कापसासारखा झाला होता. मण्यारीचे पट्टे शेपटीकडं ठसठशीत असतात आणि कवड्याचे मानेकडं, एवढं तुला ठाऊक होतं, हे तू मला नंतर गाडीत सांगितलंस. पण तू किती पाहिलं होतंस? वीतभर काळं, आणि तेही पापणी लवेपर्यंत. ‘हो’ म्हणणं फार सोपं होतं. अंगणातलं प्रत्येक माणूस तुझ्या ‘हो’ची वाट पाहत होतं.

‘मला माहीत नाही,’ तू म्हणालीस. ‘मी नाही सांगू शकत. मला खरंच माहीत नाही.’

सत्यभामाचं हसू थांबलं. तिनं हातात धरलेलं गाठोडं सोडलं, उठली आणि गाडीकडं चालू लागली.

*

हात हलू नये म्हणून मी माझी लाकडी फूटपट्टी लावून वरून ओढणी सैल गुंडाळली. गयाबाई म्हणत होत्या, करकचून आवळा. मी नाही म्हटलं. गावातल्या मारुतीच्या देवळाशी त्यांनी पुढच्या सीटवरून माझं मनगट धरलं.

‘काकू, गाडी थांबवा. सुनेला पाराला टेकवून फेऱ्या घातल्याबिगर म्होरं न्यायची न्हाई. साप चावलेलं माणूस मारुतीरायाला दाखवल्याबिगर कुणीच नेत न्हाई.’

वाद घालायला वेळ नव्हता आणि त्यांच्या डोळ्यांत पाहून तो घालावासाही वाटला नाही. मी दार उघडलं. ‘गयाबाई, तुम्ही उतरा. तिच्या वाटच्या फेऱ्या तुम्ही घाला. तिला मी पुढं नेते.’

त्या उतरल्या. आरशात पाहिलं तेव्हा त्या चप्पल काढत होत्या. त्या अंधार पडेपर्यंत देवळाभोवती फिरत होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

परभणीचा तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. अर्धा खणलेला, अर्धा झालेला. समोरून मावळतीचं ऊन नव्हतं एवढंच बरं, ते मागं होतं आणि आरशातून माझ्या डोळ्यांवर येत होतं. पुढं कापसानं भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर चालला होता, बाजू देत नव्हता. मागच्या सीटवर सत्यभामा आणि इरा. मी इराला सांगितलं होतं, तिला बोलतं ठेव आणि तिच्या पापण्यांकडं बघत राहा.

तू सांगत होतीस. मधमाशीचं काहीतरी, मग चंद्राचं. सत्यभामा आधी उत्तरं देत होती. ‘असं का?’ म्हणत होती. मग नुसतं ‘हं’. मग म्हणाली, ‘झोप यायलीय. पाटं उठले व्हते ना.’ आणि थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात:

‘काकू, म्होरं दोन ट्रॅक्टर हायेत का?’

एकच होता.

मी हॉर्नवर हात ठेवला तो काढला नाही. ट्रॅक्टरवाला मागं वळून काहीतरी ओरडला आणि बाजूला झाला.

‘आजी, तिचे डोळे,’ तू म्हणालीस. ‘ती उघडायला बघतेय, पण उघडत नाहीत.’

शहराच्या तोंडाशी रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. पूर्णा जंक्शनकडून मालगाडी येत होती, डब्यांमागून डबे, डब्यांमागून डबे. असल्या गाडीला शेवट असतो हे तेव्हा खरं वाटत नव्हतं. मी स्टिअरिंग धरून बसले होते, मागं सत्यभामाचं डोकं तुझ्या खांद्यावर पडलेलं होतं आणि तू मोठ्यानं म्हणत होतीस: ‘घेतला. सोडला. घेतला. सोडला.’ तिचा श्वास. माझ्यासाठी म्हणत होतीस. बारा वर्षांची पोर. त्या फाटकाशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण पोचणार नाही.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला स्ट्रेचरवर घेतलं. मी हात पुढं करून टोचे दाखवू लागले. त्यांनी हाताकडं पाहिलंही नाही, तिच्या पापण्या बोटानं वर केल्या. ‘खूण शोधू नका आजी. डोळे सांगतायत. मण्यार आहे.’ मग दार बंद झालं. सलाईनमधून विषावरचं औषध, घशात नळी, आणि यंत्राचा तो सुस्कारा, जो पुढं कितीतरी दिवस तिच्या वतीनं श्वास घेत होता.

*

साप नंतर सापडला नाही. सर्पमित्र येऊन गेले, सारा कापूस काठीनं चाळून बाहेर काढला. रिकाम्या खोलीच्या कोपऱ्यात उंदराचं एक बीळ होतं, ते बुजवलं.

तुमच्या परतीचा दिवस आला तरी सत्यभामा तशीच होती. डोळे मिटलेले, हात गार, चेहऱ्यावर काहीही नाही. तिचा नवरा मेंढरं भावाकडं सोडून आला होता आणि वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसला होता. स्टेशनला जाताना तू हट्ट धरलास, म्हणून तुला क्षणभर आत सोडलं. क्षणभर म्हणून गेलीस आणि तिच्या उशाशी बसून बोलत राहिलीस. इंग्रजीत. रडताना माणसाला जी भाषा जवळची असते, तीत. मी दारात उभी होते. मी सगळं ऐकलं. तू मागं वळून पाहिलंस तेव्हा मी नजर बाजूला केली.

त्यानंतर तुम्हाला फोनवर एवढंच कळलं की ती बरी होऊन घरी गेली. मधलं कळलं नाही. ते सांगायचं आहे.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, ‘तिच्याशी बोलत जा. या विषानं स्नायू ढिले पडतात. पापणी हलत नाही, पण माणूस आत जागं असतं. तिला सगळं ऐकू येतं.’

मी खुर्चीवर बसले. मग तिच्या हातात माझं बोट दिलं आणि म्हटलं, सत्यभामा, मी काकू. खूप वेळ काही झालं नाही. मग बोटावर दाब आला. मुंगीच्या पावलाएवढा. मी नवऱ्याला हाक मारली, तो आत आला, त्यानं आपलं बोट दिलं, आणि तो गडी माणूस तिथंच जमिनीवर बसून रडायला लागला.

पुढं पापण्या उघडल्या. मग नळी निघाली. घोगऱ्या आवाजात तिचं पहिलं वाक्य होतं, ‘माझ्या गाठोड्याचं माप केलं का न्हाई?’

आणि मग तिनं सांगितलं, ते ऐकून वॉर्डातल्या बायका पलंगाभोवती जमल्या. ‘समदं ऐकू यायचं. आत्याबाई येऊन रडायच्या, म्हणायच्या, माझी लेक व्हती. जितेपणी कधी लेक म्हणल्या न्हाईत! रातच्याला नर्सबाई फोनवर नवऱ्याशी भांडायची. एक जण म्हणला, ही काय वाचत न्हाई. मला वाटलं उठावं आन् एक थोबाडीत द्यावी. पर बोट उचलंना.’ मग ती माझ्याकडं वळली. ‘आन् पोरगी आली व्हती. लय येळ बोलत व्हती इंग्लिशीत. रडत व्हती. काय म्हणत व्हती ओ काकू?’

मला शब्दन् शब्द आठवत होता. शाळेपासून इंग्रजी शिकले, शिकवलं. भाषांतर मला जड नव्हतं. मी म्हटलं, ‘तिलाच विचार.’

*

इरा, त्या दिवाळीनंतर तुझे निरोप येतात. वाढदिवसाला येतात, बर्फाचे फोटो येतात, तनूच्या पडलेल्या दाताचाही आला होता. पण ‘तुला माहितीय का’नं सुरू होणारा एकही आला नाही. मी विचारलं नाही. मला कळतं, तू मनात काय हिशेब मांडून बसली आहेस. तुझ्या तीन गोष्टी ऐकून ती दवाखान्यात यायला उठत नव्हती, म्हणून.

मीही पुष्कळ दिवस तेच घोकत होते. म्हणून गेल्या वर्षी एकदा पऱ्हाटीत उभं राहून मी तिला सरळ विचारलं, ‘त्या दिवशी तू गाडीत बसलीस कशी? माझं तर ऐकत नव्हतीस.’

तिचे हात थांबले नाहीत. बोंडातून कापूस ओढत ती म्हणाली, ‘तुमचं कोन ऐकायलंय काकू? तुमी भित्र्याच. पर ती पोरगी. चांदावरचं सांगती, समिंदरातलं सांगती, कुणाला काळजं किती ते सांगती. तिलाच ठाव न्हाई म्हणल्यावर मला भ्या वाटलं.’

हे मी तुला फोनवर सांगू शकले असते. पण फोनवर तू ‘ओके आजी’ म्हणून दुसरा विषय काढला असतास. म्हणून लिहिते आहे.

आज दुपारी सत्यभामा आली. आता ढिगात हात घालण्याआधी ती आधी काठी घालते, आणि दुसऱ्या बायकांनाही घालायला लावते. एक नवी सून यंदा पहिल्यांदा वेचायला आली आहे, तिला दरडावून सांगत होती, ‘चावलं का न्हाई, ह्याचा इचार गाडीत बसून करायचा. अंगणात न्हाई.’ गयाबाई आता येत नाहीत, गुडघे दुखतात. सून त्यांना रात्री पाय चेपताना ‘लेक म्हणा’ म्हणून छळते, असं ऐकते.

वजन झालं. बायका गेल्या. सत्यभामा उंबऱ्यावर बसून पायातले काटे काढत राहिली. मग म्हणाली, ‘काकू, दोन सालं झाली. आता तरी सांगा, काय म्हणत व्हती?’

मी नेहमीचं उत्तर दिलं.

‘मंग फोन लावा की. माझ्यापशी येळ हाय.’

मी तिला सांगितलं की तिकडं आत्ता शाळेची वेळ आहे. शनिवारी लावू. ती शनिवारी येणार आहे, काम नसलं तरी.

हे मी आज रात्रीच मेल करते, शनिवारी फोन आला की उचल. मी तो तिच्या हातात देईन आणि अंगणात जाऊन बसेन. तू तिला तेव्हा जे म्हणालीस ते मराठीत सांग. अडखळलीस तर अडखळ, शब्द सापडला नाही तर दुसरा घे. तेव्हा तिला नुसतं ऐकता येत होतं. आता ती उत्तर देईल.